रुमालाखालचा हात

फोन वाजला तेव्हा मी चहा गाळत होतो. नंबर अनोळखी होता, म्हणून उचलला नाही. लगेच पुन्हा वाजला, तेव्हाही उचलला नाही. अनोळखी नंबर उचलायचा नाही ही शिस्त मला बन्सीनेच लावली होती. मग मेसेज आला : ‘काका, मी हेमा. दुसऱ्याच्या फोनवरून करते आहे. उचला.’ हेमा ही बन्सीची मुलगी. उचलला. पलीकडून ती एवढंच म्हणाली, “काका, पप्पा गयात...” आणि नंतर बराच वेळ फक्त रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज येत राहिला. बन्सी गेल्याची बातमी त्याच्याच शिस्तीमुळे मला उशिरा कळली, हे त्याला सांगितलं असतं तर तो हसला असता आणि म्हणाला असता, “मंग? बराबरच शे ते.”

तो मिरचीच्या पथारीवर गेला. नंदुरबारच्या बाहेर मोकळ्या रानात मिरची वाळत घालतात. लांबून पाहिलं तर कुणीतरी जमिनीला लाल रंग दिल्यासारखं दिसतं. बन्सी मिरचीचा दलाल. तिथं एका बाजूला कापडाच्या सावलीत बसलेला असताना त्याच्या छातीत कळ आली. शेजारी मिरची खुडणाऱ्या बायका होत्या. त्यांनी नंतर सांगितलं की त्याने आधी खिशातून फोन काढून बंद केला आणि मग पाणी मागितलं. हे ऐकून बाकीचे हळहळले, मी मात्र त्या फोनपाशीच अडकलो. शेवटच्या क्षणी माणसं देवाचं नाव घेतात, मुलाबाळांचं घेतात. बन्सीने फोन बंद केला.

इथली नावं खरी नाहीत, घर कुठल्या गल्लीत आहे ते मी सांगणार नाही, आणि जे सांगतो आहे ते बन्सीच्या बायकोला, निर्मलावहिनींना, वाचून दाखवून, त्यांनी मान डोलावल्यावर छापायला पाठवलं आहे. इतकी काळजी मी आयुष्यात कुठल्याही लेखाच्या बाबतीत घेतलेली नाही. आमच्या कॉलेजात मी इतिहास शिकवला, पुष्कळ राजांविषयी पुष्कळ बरंवाईट लिहिलं, पण त्यातला एकही राजा माझ्या दारात येईल अशी भीती नव्हती. बन्सीविषयी लिहिताना ती वाटते. त्याने मागे ठेवलेल्या गोष्टींत ही एक.

आमची ओळख झाली ती हातानेच. मी धुळ्याकडून बदलून आलो होतो, नवा होतो, आणि एका रविवारी मिरचीचा बाजार बघायला गेलो. तेव्हा सौदे रुमालाखाली व्हायचे. दलाल आणि घेणारा समोरासमोर बसायचे, हातांवर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून भाव बोलायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव फक्त दोन हातांना माहीत. मी कुतूहलाने फार जवळ गेलो असेन. बन्सीने वर बघितलं आणि म्हणाला, “काय मास्तर, शिकनं शे का? हात दे इकडे.” मी हात दिला. त्याने रुमाल टाकला, माझ्या तर्जनीचं टोक चिमटीत धरलं आणि म्हणाला, “हाई सुरुवात. इथून खाले. दुसरीकडून कोनी सुरू करत नही.” मग पेरापेराने खाली आला, पुढच्या बोटावर गेला, आणि तोंडाने काहीतरी पावसापाण्याचं बोलत राहिला. मला काहीच कळलं नाही. पण एका अनोळखी माणसाने इतक्या गर्दीत माझा हात धरला आहे आणि ते कुणाला दिसत नाही, याची मजा वाटली. पुढे उघडे लिलाव आले, ते योग्यच झालं, रुमालाखाली शेतकरी फसायचा. हे बन्सीही मान्य करायचा. पण रुमाल त्याच्या खांद्यावर राहिला आणि बसल्या जागी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायची सवय राहिली. समोरच्याला वाटायचं हा जप करतो आहे. तो भाव मोजत असायचा.

बन्सी सरकारला पहिल्यापासून भीत होता असं नाही, आधी तो सरकारला फक्त हसायचा. एकदा एका सरकारी शेडच्या उद्घाटनाला आम्ही दोघं मागच्या खुर्च्यांवर होतो. पाहुण्यांना यायला इतका उशीर झाला की हारातली झेंडूची फुलं बकऱ्यांनी खाऊन टाकली. मग पाहुणे आले आणि ‘शेवटच्या माणसापर्यंत’ या विषयावर बोलले. बन्सी माझ्याकडे वळून म्हणाला, “मास्तर, मागे देख. आपलाच नंबर शेवटचा शे. काही उनं का इथलोंग?” हे हसू कधी संपलं ते मी सांगू शकतो. नवापूरला मेहुण्याच्या भागीत त्याची कोंबड्यांची शेड होती. तिकडे बर्ड फ्लू आला आणि पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. तोंडं झाकलेली, डोळ्यांवर काच, कुणाचं नाव काय हे कळायला मार्ग नाही. त्यांनी त्यांचं काम केलं, ते करणं भाग होतं, पुढे भरपाईही आली. बन्सीने त्यांच्याविषयी कधी तक्रार केली नाही. फक्त एकदा म्हणाला, “पैसा उना, मास्तर. पन त्या दिन त्या उनात ना, तवय माले कोनी इचारं नही. शेड मन्ही व्हती आन् मी कुंपनना बाहेर उभा व्हतू.” रिकाम्या शेडमधली शांतता त्याला सहन झाली नाही. पुढे त्याने आपला वाटा मेहुण्याला विकला.

नोटाबंदीतही तो असाच बाहेर उभा राहिला होता, सगळा देश उभा होता. पण बाकीच्यांना ती गोष्ट होऊन गेलेली वाटत होती. बन्सीला ती अजून यायची आहे असं वाटायचं. मग फोनवर जग उघडलं आणि त्याच्या भीतीला खाद्य मिळालं. कुठल्या देशात बँकांना कुलूप लागलं, कुठे एका देशाने दुसऱ्या देशाची तिजोरीच गोठवली, कुठे रातोरात पैशाचे कागद झाले... मला ते देश नकाशावर शोधावे लागायचे, बन्सीला तिथल्या रांगा डोळ्यांसमोर दिसायच्या. पथारीवर बसून, नाकातोंडात मिरचीची धूळ, हा माणूस मला विचारायचा, “त्या लोकेसनं काय व्हई मास्तर?” मी म्हणायचो, “तुझं काय होईल ते बघ.” तो म्हणायचा, “तेच देखी ऱ्हायनू.”

सुरतच्या एका व्यापाऱ्याने त्याला क्रिप्टो, म्हणजे फोनमधली नाणी घेणं, शिकवलं. त्या व्यापाऱ्याला बन्सी मिरची मिळवून द्यायचा, आणि दलालीचा काही भाग तो त्याच नाण्यांत फोनवर पाठवायचा. बिटकॉइनच्या चढउतारांची बन्सीला धास्ती होती, म्हणून तो डॉलरला बांधलेलं, डॉलरइतकाच भाव राहणारं नाणं घ्यायचा. लागतील तेव्हा त्यातली थोडी नाणी कुणा परक्या माणसाला विकायची, त्याने बँकेत रुपये टाकायचे, आणि त्यातून घरातलं तेलमीठ यायचं. गॅसचा सिलिंडर, हेमाची फी, वहिनींचा चष्मा, सगळं या मार्गाने आलं. मी त्याला छळायचो.

“नोट कोनी शे मास्तर? सरकारनी. मंग ती तुन्ही कशी?”

“आणि हे नाणं कोणाचं?”

“कोनंच नही.”

“म्हणजे तुझंही नाही. आणि ते बांधलंय कशाला? डॉलरला. म्हणजे इथल्या सरकारवर विश्वास नाही, पण अमेरिकेच्या आहे.”

बन्सीचा अंगठा दोन पेरं खाली गेला. “तिन्हावर पन नही,” तो म्हणाला. “पन ते सरकार दूर शे.”

राज्यशास्त्राच्या पुस्तकांत मी यापेक्षा प्रामाणिक वाक्य वाचल्याचं आठवत नाही. त्याला तसं सांगितलं तर म्हणाला, “पुस्तकमा काय ऱ्हास? जे छापाले परवानगी शे तेच.”

इथलं सरकार मात्र दूर राहिलं नाही. एकदा वहिनींच्या खात्यात अशाच एका नाणी घेणाऱ्याने पैसे टाकले आणि थोड्याच दिवसांत खातं गोठलं. ते पैसे कुणा तिसऱ्याला फसवून आलेले होते, आणि माग काढत पोलीस जिथे जिथे ते गेले तिथली खाती थांबवत होते. पोलीस कुठल्या राज्यातले, तर आम्हा दोघांपैकी कुणीही न पाहिलेल्या. बँकेतल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं की आम्ही काही करू शकत नाही, वरून आलं आहे. बन्सी घरी येऊन मला म्हणाला, “वरतून म्हंजे कोठून?” वहिनींनी शिवणकाम करून साठवलेले पैसे त्याच खात्यात होते. मग फोन येऊ लागले. काही खरे असतील, काही त्या घाबरलेल्या माणसांवर टपून बसणाऱ्या ठगांचे असतील. भाषा कळायची नाही, फक्त ‘अरेस्ट’ हा शब्द कळायचा. बन्सी फोन वाजला की तो पिठाच्या डब्यात ठेवून झाकण लावायचा, आणि घरातले सगळे डबा वाजत असताना त्याच्याकडे बघत बसायचे. पहिल्यांदा मी हसलो. दुसऱ्यांदा वहिनींचा चेहरा बघितला आणि हसलो नाही.

वकील झाले, हेलपाटे झाले, शेवटी खातं सुटलं. बन्सी सुटला नाही. घराबाहेर पांढरी गाडी थांबली की तो बोलता बोलता उठून खिडकी लोटून घ्यायचा. पाव्हणा असो, जनगणनेचा माणूस असो, त्याचा पहिला प्रश्न असायचा, “कागद मांगी ऱ्हायना का?” कागद असला की कुणीतरी मागायला येतं, असं त्याचं ठाम मत झालं. म्हणून शेडचा वाटा विकून आलेलं सगळं, दोघांचं म्हातारपण आणि हेमाचं पुढचं, त्याने हळूहळू त्या नाण्यांत नेलं आणि त्याची किल्ली कागदावर लिहिली नाही. मी एकदा विचारलं, “तुला काही झालं तर?” तो म्हणाला, “कागद नही. हात शे.” मला वाटलं, धंद्याबद्दल बोलतो आहे. नंतर आम्ही जिलेबी खाल्ली.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावलं. हेमाला बाहेरच्या खोलीत बसवून त्यांनी मधलं दार लोटलं. “पोरले नको हाई,” त्या म्हणाल्या. “तिले कोनी पकडी नेई ते?” बन्सीच्या फोनच्या कुलपाचा आकडा त्यांना माहीत नव्हता, पण त्याची गरज पडत नाही. ही नाणी फोनमधल्या ज्या पाकिटात, म्हणजे वॉलेटमध्ये, असतात त्याची किल्ली म्हणजे इंग्रजीतले बारा साधे शब्द असतात. ते कुठल्याही फोनवर टाकले की वॉलेट उघडतं, आणि ते हरवले की जगातला कुठलाही साहेब, खालचा किंवा वरचा, काही करू शकत नाही. बन्सीला नेमकं हेच आवडलं होतं. वहिनींनी उजवा हात पदराबाहेर काढला. चार बोटं, प्रत्येकी तीन पेरं. प्रत्येक पेरावर बन्सीने एक शब्द ठेवला होता. घरात समोरासमोर बसून, हातांवर रुमाल टाकून, पेर दाबायचं आणि शब्द सांगायचा. मग कधीही, स्वयंपाक करताना, भांडी पुसताना, येऊन एखादं पेर दाबायचं, की वहिनींनी तो शब्द म्हणायचा. इंग्रजीत त्यांना फक्त सही येते, शब्दांचे अर्थ माहीत नव्हते. पण पेरावर अंगठा गेला की शब्द बाहेर.

त्यांनी करंगळीच्या मुळापासून सुरुवात केली, हलक्या आवाजात, एकेक. मी माझ्या फोनवर टाकत गेलो. बारावा शब्द टाकला आणि पडद्यावर लाल अक्षरं आली : चूक. पुन्हा टाकले. चूक. वहिनींनी आपली पेरं पुन्हा मोजली. “काय चुकनं भाऊ? मन्हं चुकनं का?” मी नाही म्हणालो, पण मला कळत नव्हतं. हे किती वेळा चुकलेलं चालतं, आणखी एकदा चुकलं तर कायमचं बंद होईल का, कुठे बसलेल्या कुणाला कळत असेल का, की नंदुरबारात एक बाई आणि एक पेन्शनर बंद दाराआड काहीतरी उघडायला बघत आहेत... मी आयुष्यभर अशा भीतीची चेष्टा केली होती. त्या खोलीत ती माझ्या शेजारी पाटावर बसली होती. कोपऱ्यातल्या पोत्यांतल्या मिरचीने मला शिंक आली आणि आम्ही दोघंही दचकलो.

घरी येऊन जेवायला बसलो आणि घास हातात राहिला. तर्जनीच्या टोकाला कुणीतरी चिमटा घेतल्यासारखं वाटलं. ‘हाई सुरुवात. दुसरीकडून कोनी सुरू करत नही.’ दलाल तर्जनीच्या टोकापासून खाली येतो. आपल्याकडच्या बायका उपासाचे वार मोजतात, दिवस मोजतात, ते करंगळीच्या मुळापासून वर. बन्सीने प्रत्येक पेराचा शब्द पक्का करून घेतला होता, पण सुरुवात कुठून करायची हे सांगितलंच नव्हतं. ते सांगायची गोष्ट आहे असं त्याच्या डोक्यातच आलं नसणार. बाजारात जे शेंबडं पोर जाणतं, ते घरातल्या बाईला वेगळं सांगायचं असतं, हे तो विसरला. सगळ्या जगातल्या सरकारांचा बंदोबस्त केला आणि करंगळी राहून गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तर प्रश्न असा की फोन शब्द पहिल्यापासून क्रमानेच घेत होता, ते कुठे लिहून उलटे करायला वहिनी तयार नव्हत्या, आणि त्यांना त्यांची सवय मोडून उलटं म्हणायला सांगितलं की त्या गडबडायच्या. पेर दाबल्याशिवाय शब्द येत नव्हता आणि स्वतःच दाबलं की अंगठा करंगळीकडे पळायचा. दुसऱ्या कुणीतरी, बन्सी धरायचा तसा, हात धरायला हवा होता. मी मित्राच्या बायकोचा हात धरणं शक्य नव्हतं. राहिली हेमा. वहिनी तयार होईनात. “नको भाऊ. ऱ्हाऊ द्या, बुडी जाऊ द्या सगळं. तिले माहीत नही तवलोंग ती सुटी शे.” तेवढ्यात मधलं दार उघडलं. हेमा दारात उभी होती. “आई, रुमालखाले काय चाले ते माले कवयनं माहीत शे,” ती म्हणाली. “पप्पा तुन्हा हात इतला धरेत का कधी, त्यान्हा आधी?” वहिनींना रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं, आणि त्यांनी हात पुढे केला.

बन्सीचा रुमाल खुंटीवरच होता. हेमा आईच्या समोर बसली, रुमाल टाकला, मी सांगितलं तसं तर्जनीचं टोक धरलं. वहिनींनी डोळे मिटले. पहिला शब्द आला, दुसरा आला. मी टाकत गेलो. शेवटच्या पेराशी, करंगळीच्या मुळाशी, हेमाने अंगठा टेकवला. बारावाही आला. पडदा पांढरा झाला, काहीतरी गोल फिरलं, आणि वॉलेट उघडलं. सगळं जिथल्या तिथे होतं.

कुणाला आनंद झाला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा ठिकाणी लोकांना आनंद होतो असा समज आहे. आम्ही तिघंही त्या पडद्याकडे पिठाच्या डब्याकडे बघावं तसं बघत होतो. आणि बाहेरचं दार वाजलं. वहिनींचा हात पदराखाली गेला, हेमाने माझा फोन उलटा केला, मी उगाचच उभा राहिलो. गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली होती. त्यांच्या हातात पावतीपुस्तक होतं. कागद. मी त्यांना मागितले त्यापेक्षा जास्त पैसे दिले आणि पावती नको म्हणालो.

जाताना वहिनी दारात म्हणाल्या, “भाऊ, ते शब्द तुम्ही इसरी जा.” मी हो म्हणालो. पण विसरायचं ठरवून कुणी विसरल्याचं इतिहासात उदाहरण नाही. पुढचे काही आठवडे मी फार वाईट काढले. ताप आला तर मी बडबडेन का, असं वाटायचं. रस्त्यात कुणी ‘सर, दोन मिनिटं’ म्हणालं तरी मी रस्ता ओलांडून पलीकडे जायचो. दुसऱ्याचं सगळं आयुष्य आपल्या डोक्यात आहे आणि आपण बाजारात भेंडी निवडतो आहोत, ही फार भयंकर गोष्ट आहे. बन्सी असाच जगत होता, आणि मी समोर बसून त्याची गंमत करत होतो, त्यालाही ती आवडत होती, असं मला वाटायचं.

शेवटी हेमानेच मार्ग काढला. तिने सगळं एका नव्या वॉलेटमध्ये हलवलं. त्याचे शब्द नवे. आता कर सल्लागाराला भेटून, जे द्यायचं ते देऊन, ती ते थोडं थोडं उजेडात आणणार आहे. वहिनींना अजून ते पटलेलं नाही. नवे शब्द तिने आईला शिकवले तेव्हा मी तिथेच होतो. हेमा म्हणाली, “काका, जरा तिकडे तोंड करा.” मी खिडकीकडे वळलो. पण वळण्याआधी पाहिलं : रुमाल तोच होता, आणि दोघी या वेळी समोरासमोर नव्हत्या, शेजारी शेजारी बसल्या होत्या. “सुरुवात कोठून, ते आधी सांग,” वहिनी म्हणाल्या.

म्हणजे माझ्याजवळचे बारा शब्द आता एका रिकाम्या खोलीची किल्ली आहेत. मला भ्यायचं काही कारण उरलं नाही. तरी वर्तमानपत्र वाचताना, रेशनच्या रांगेत, कुणाचं लांबलेलं भाषण ऐकताना माझा अंगठा आपोआप तर्जनीच्या टोकावर जातो आणि खाली उतरू लागतो. समोरच्याला वाटतं मी जप करतो आहे. काल मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरावर अंगठा थांबला आणि तिथला शब्द आठवेना. थोडा वेळच आठवेना... आणि मी इतका घाबरलो की मागे वळून पाहिलं.